फायलीचा पत्ता हाही मजकूरच

हैदराबादमध्ये सुलतान बाजारालगतच्या गुजराती गल्लीत हार्ड डिस्क विकत घेताना डिस्कसोबत एक सल्लाही मिळतो: मोठ्यात मोठी डिस्क घ्या, सगळा संगणक तिच्यात ओता, निवडत बसू नका. दुसरा सल्ला शिकल्यासवरल्या मंडळींचा असतो. त्यांच्या मते फोल्डरांचा जमाना गेला. सगळे क्लाउडवर टाकावे आणि हवे तेव्हा शोधाच्या चौकटीत शब्द लिहावा. वरवर पाहता हे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोघांच्या मुळाशी गृहीत एकच आहे. फायलीच्या पोटात जे आहे तेवढेच जपायचे, ती कुठे ठेवली होती याला काही मोल नाही, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीत चुकीचे आहे आणि त्याची किंमत छोट्या संस्था, छोटी दुकाने आणि छोटी नियतकालिके मोजत आहेत. त्यांचा बॅकअप निवडक असावा, माणसाच्या आठवणीवर न सोडता आपोआप चालावा आणि मूळ फोल्डररचना जशीच्या तशी उतरवणारा असावा, असे माझे म्हणणे आहे. यातली तिसरी अट सुटली तर पहिल्या दोन पाळूनही हाती काही लागत नाही, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करतो.

बाजारातल्या दुकानांचा हिशेब बहुधा टॅलीत असतो. टॅली प्रत्येक कंपनीचा डेटा आकड्यांच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते, 10000, 10001 अशा क्रमाने. त्या फोल्डरांच्या आत मात्र मुख्य फायलींची नावे प्रत्येक कंपनीत तीच असतात. एका कुटुंबाच्या दोन फर्म असतील तर पहिल्या फर्मची खतावणी कोणती आणि दुसरीची कोणती, हे फायलीचे नाव सांगत नाही. फोल्डरचा आकडा सांगतो. आता कुणी सद्हेतूने ‘महत्त्वाच्या’ फायली शोधून एकाच ठिकाणी जमवल्या तर दुसऱ्या फर्मची फाइल पहिलीच्या उरावर बसते आणि पहिली नाहीशी होते. हाताने नक्कल करताना संगणक निदान विचारतो की जुनी बदलू का. आपोआप चालणारी आज्ञा बऱ्याचदा तेही विचारत नाही. जीएसटी कायद्याच्या 36 व्या कलमाने हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपायला सांगितली आहेत. इतक्या काळात दुकानातला संगणक सहज एकदा तरी बदलतो. त्या बदलात आकड्यांचे फोल्डर विस्कटले तर डिस्कवर सगळे ‘आहे’ असे दिसेल आणि तपासणीला मात्र काहीच उघडणार नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओंची गत हीच. डिजिटल कॅमेऱ्यांच्या 1998 च्या मानकानुसार फोल्डरला 100 ते 999 आणि चित्राला 0001 ते 9999 असे क्रमांक मिळतात. 9999 नंतर मोजणी पुन्हा एकपासून. दोन कॅमेरे एकाच मांडवात फिरत असतील तर एकाच नावाची दोन चित्रे असणे हा अपवाद राहत नाही, तो नेहमीचा प्रकार होतो.

याहून मोठा पुरावा याच शहरात घडलेला आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात हैदराबादची ट्रिपल आयटी हे स्कॅनिंगचे प्रमुख केंद्र होते आणि अफजलगंजातल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातली पुस्तके त्यात पानापानाने उतरवली गेली. त्या संग्रहात पुस्तकाचे प्रत्येक पान म्हणजे एक वेगळी चित्र-फाइल होती आणि तिचे नाव म्हणजे नुसता आठ आकडी क्रमांक. पहिल्या पानाची फाइल प्रत्येक पुस्तकात त्याच नावाची. पान कोणत्या पुस्तकाचे, हे फक्त वरच्या फोल्डरच्या बारकोड क्रमांकावरून कळायचे. मराठी, तेलुगू, उर्दू पुस्तकांची नावे रोमन लिपीत इतकी चुकीची नोंदवलेली होती की नावाने शोधून पुस्तक मिळणे हा नशिबाचा भाग होता. 2017 च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद झाले. त्यातली लाखो पुस्तके आज इंटरनेट आर्काइव्हवर वाचता येतात, कारण नक्कल करणाऱ्यांनी पाने आणि त्यांचे क्रमांक यांची ताटातूट होऊ दिली नाही. ओळख म्हणून तिथे आजही ते जुने क्रमांक चिकटलेले आहेत. नावे चुकली असली तरी कुणी जाणकार ती कधी ना कधी दुरुस्त करू शकतो. पाने क्रमांकांपासून सुटली असती तर कोट्यवधी सुट्या पानांचा ढिगारा उरला असता आणि जगातल्या कुठल्याही विद्वानाला तो लावता आला नसता. फोल्डररचना हे नीटनेटकेपणाचे वेड आहे असे म्हणणाऱ्यांनी या संग्रहाकडे पाहावे.

नियतकालिकांच्या बाबतीत तर फोल्डरचा पत्ता फायलीच्या आतच लिहिलेला असतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्था नियतकालिके चालवतात तेव्हा किती तुटपुंज्या साधनांवर चालवतात हे हैदराबादकरांना सांगायला नको. इथल्या मराठी साहित्य परिषदेचे ‘पंचधारा’ डोळ्यांसमोर आणावे. अशा अंकांची जुळणी वर्षानुवर्षे पेजमेकरवर झाली, पुढे इनडिझाइनवर. ही दोन्ही सॉफ्टवेअरे चित्र अंकाच्या फायलीत पुरते साठवतातच असे नाही. पुष्कळदा ती चित्राकडे जाणारा दुवा ठेवतात, म्हणजे कोणत्या फोल्डरमधली कोणती फाइल. दिवाळी अंकाची फाइल एकीकडे आणि चित्रे दुसरीकडे गेली की अंक उघडतो, पण चित्रांच्या जागी धूसर ठिपके दिसतात किंवा दुवा तुटल्याची सूचना येते. छापताना ती उणीव उघडी पडते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची. त्यात जुळवलेला अंक आज उघडायचा तर जुने सॉफ्टवेअर, जुना फाँट आणि जुनी चित्रे आपापल्या जागी असावी लागतात. यातली जागा ही एकच गोष्ट फुकट टिकवता येते, आणि नेमकी तीच आपण आधी सोडून देतो.

यावर ‘शोध आहे ना’ हा आक्षेप ठरलेला आहे. इंग्रजी पत्रव्यवहार करणाऱ्या कार्यालयाला तो कदाचित लागू पडेल, आपल्या सामग्रीला पडत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा मराठी मजकूर मोठ्या प्रमाणावर श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला आहे. संगणकाच्या लेखी तो मराठी नाहीच. रोमन अक्षरांची आणि चिन्हांची ती एक निरर्थक माळ आहे. शोधाच्या चौकटीत आज ‘संपादकीय’ लिहिले तर त्या फायलींपैकी एकही पुढे येणार नाही. स्कॅन केलेल्या पानांत शोधण्याजोगा मजकूरच नसतो. आणि मजकूर युनिकोडमध्ये असला तरी शोधणाऱ्याला आधी शब्द ठाऊक असावा लागतो. सुलतान बाजाराचेच घ्या. ब्रिटिश रेसिडेन्सीच्या आश्रयाने वाढलेला हा भाग 1933 मध्ये निजामाकडे परत आला आणि रेसिडेन्सी बाजाराचा सुलतान बाजार झाला. आजचे नाव घालून शोधणाऱ्याला त्याआधीची कागदपत्रे सापडणार नाहीत. कुणी समजून-उमजून दोन्ही काळांचे कागद एका वस्तीच्या फोल्डरमध्ये ठेवले असतील तर मात्र सापडतील. फोल्डर करणाऱ्या माणसाने एक निर्णय घेतलेला असतो, हे कागद एकमेकांचे आहेत असा. तो निर्णय मजकुरात कुठेही लिहिलेला नसतो आणि शोधयंत्राला तो वाचता येत नाही.

ही काही संगणकाने आणलेली नवी अडचण नाही. फ्रान्समध्ये 1841 साली सरकारी दप्तरखान्यांना आदेश गेला की एका कार्यालयातून आलेले कागद एकत्रच ठेवावेत, विषयवार फोडू नयेत. पुढे जगभरच्या अभिलेखागारांनी तो नियम मानला. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कोट्यवधी मोडी कागद आजही रुमालांत बांधलेले आहेत. शाहू दप्तर, चिटणिशी, घडणी असे त्यांचे विभाग आहेत आणि अभ्यासक कागदाचा हवाला देताना रुमालाचा क्रमांक देतो. गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात त्या दप्तरातून निवड करून 45 खंड छापले. ते काम मोठेच होते. पण कोणताही गंभीर संशोधक छापील खंडावर थांबत नाही, तो मूळ दप्तराकडे जातो, कारण पत्राच्या मागेपुढे कोणता कागद होता हे छापील निवडीत दिसत नाही. निवड करण्याला माझा विरोध नाही. निवडलेला कागद कुठून उचलला याची खूण पुसण्याला आहे.

आता पहिल्या सल्ल्याकडे येतो, निवडूच नका म्हणणाऱ्याकडे. त्याची भीती खरी आहे: आज फालतू वाटणारी फाइल उद्या मोलाची ठरली तर? पण ‘सगळेच घ्या’ या धोरणाचा शेवट पुष्कळदा ‘काहीच घेतले नाही’ यात होतो. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी माहिती केंद्राला आग लागली. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ‘जी-ड्राइव्ह’ नावाचा सामायिक साठा होता आणि कामाचे कागद आपल्या संगणकावर न ठेवता त्यातच ठेवावेत असा दंडक होता. त्यात 858 टेराबाइट माहिती जमली होती. आकार फार मोठा म्हणून तिची बाहेर दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. सगळी गेली. जगातल्या सर्वांत प्रगत संगणकीय प्रशासनांपैकी एकाची ही अवस्था, तर ग्रंथालयाच्या एका जुन्या संगणकाची काय कथा. संपूर्ण डिस्कची नक्कल रात्रभर चालते, मध्येच वीज जाते, डिस्क भरते, आणि मग ‘पुढच्या रविवारी करू’ म्हणत वर्ष जाते. त्या डिस्कवरचा निम्मा भार विंडोजचा, सॉफ्टवेअरच्या सेटअप फायलींचा, उतरवून घेतलेल्या चित्रपटांचा आणि एकाच पीडीएफच्या अनेक प्रतींचा असतो. जे पुन्हा कुठूनही मिळू शकते त्याच्या वजनाखाली, जे कुठेच मिळणार नाही ते दबून जाते.

भीतीला उत्तर मात्र द्यायला हवे, आणि ते निवडीच्या दिशेत आहे. काय घ्यायचे याची यादी केली तर पुढच्या वर्षी उघडलेला नवा फोल्डर यादीत नसतो आणि तो निमूटपणे सुटतो. बहुतेक निवडक बॅकअप इथेच फसतात. म्हणून यादी करायची ती काय सोडायचे याची. अंक, हिशेब, सभासदनोंदी, स्कॅन, छायाचित्रे ज्या मुख्य फोल्डरांखाली असतात ते सबंध घ्यायचे आणि त्यातून तात्पुरत्या फायली, सेटअप, चित्रपट अशा नाव घेऊन सांगता येणाऱ्या गोष्टी वगळायच्या. मग शंका आली की फाइल बॅकअपच्या पारड्यात पडते. यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्ये व्हिस्टापासून रोबोकॉपी ही आज्ञा आयती आहे. पोटफोल्डरांसकट नक्कल करणे, ठरावीक फोल्डर आणि ठरावीक प्रकारच्या फायली वगळणे, फक्त बदललेल्या फायली उचलणे आणि काय केले याची नोंद लिहिणे हे सगळे ती करते. लिनक्सवर 1996 पासून आरसिंक आहे. त्यात मूळ मार्ग पूर्णपणे राखण्याची सोय आहे, आणि न बदललेली फाइल पुन्हा न लिहिता प्रत्येक तारखेचा वेगळा, संपूर्ण दिसणारा फोल्डर तयार करण्याचीही. एका गोष्टीपासून मात्र लांब राहावे. रोबोकॉपीतला आरशासारखी हुबेहूब नक्कल करणारा पर्याय मुळात नसलेली फाइल प्रतीतूनही पुसतो. मूळ फोल्डर चुकून रिकामा झाला तर त्या रात्री प्रतही रिकामी होते.

क्लाउडवर विसंबणाऱ्यांचा घोटाळा नेमका हाच आहे. ज्याला ते बॅकअप म्हणतात तो बहुधा मेळ असतो: इकडे पुसले की तिकडे पुसले जाते, इकडे बिघडले की तिकडे बिघडते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल 30 दिवस राहते, पण दिवाळी अंकाची फाइल फेब्रुवारीत पुसली गेली आहे हे ऑगस्टपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या हा सायबरहल्ला झाला तेव्हा न्हावाशेवा बंदरातले मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचे टर्मिनल ठप्प झाले होते. मर्स्कच्या जगभरच्या मुख्य सर्व्हरांची रचना अशी होती की प्रत्येकाने बाकीच्यांशी मेळ ठेवायचा, म्हणजे एक गेला तरी दुसरा आहेच. सगळे एकदम जातील हे कुणी धरले नव्हते, आणि सगळे एकदम गेले. वाचला तो घानातल्या कार्यालयातला एक, वीज गेल्यामुळे त्या वेळी जोडणीबाहेर असलेला. क्लाउड वापरू नका असे मी म्हणत नाही. एक प्रत इमारतीबाहेर हवीच. 1908 चा मुसीचा पूर आठवणाऱ्या शहराला हे पटवून द्यावे लागू नये. पण ती प्रत मेळाने चालणारी नसावी, तारखेवार ठेवलेली असावी आणि एक तरी डिस्क काम झाले की संगणकापासून सोडवून ठेवलेली असावी.

आपोआप का, हा प्रश्न विचारणारे म्हणतात की जबाबदार माणूस नेमला की पुरे. पण जबाबदार माणूस सर्वांत दमलेला असतो त्याच दिवशी सर्वांत जास्त नवे काम झालेले असते: अंक छपाईला जायच्या आदल्या रात्री, मार्चअखेरीला, प्रवेशाच्या दिवसांत. नेमका त्याच दिवशीचा बॅकअप राहतो. कंपन्यांच्या बाबतीत कायद्यानेही हे ओळखले आहे. ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांच्या हिशेबाची प्रत भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे बंधनकारक आहे. रोज म्हणजे यंत्राने, माणसाकडून रोज ते होत नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की यंत्र गुपचूप बंद पडते आणि कुणाला कळत नाही. तो मला पूर्ण मान्य आहे. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला आणि मग उलगडा झाला की बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नव्हती. आवृत्ती न जुळल्यामुळे रोजची प्रत तयारच होत नव्हती, आणि ती होत नाही हे कळवणारे ईमेल परस्पर नाकारले जात होते. पण यातून निघणारा निष्कर्ष यंत्र काढून टाका असा नाही. यंत्राचा निरोप माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी व्यवस्था करा, असा आहे. रोबोकॉपी काम संपवताना एक आकडा देते. 1 आला तर फायली उतरल्या, 8 किंवा त्यापुढचा आला तर काही फायली राहिल्या. अनेकांना शून्याशिवाय कोणताही आकडा म्हणजे चूक वाटते. मग रोज खोटी सूचना येते, ती बंद केली जाते आणि खऱ्या चुकीच्या दिवशी सगळे शांत असते. एवढा बारकावा, ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा शेड्युलर लावणाऱ्याला एकदा समजावून सांगायला पाच मिनिटे पुरतात.

मराठी नावांचा एक प्रश्न मात्र बाहेरून आलेल्या कोणत्याही मार्गदर्शकात मिळणार नाही, आणि आपल्या संस्थांना तोच सर्वाधिक छळतो. लिनक्सवर चालणाऱ्या साठवण-पेट्यांत फायलीच्या नावाला साधारण 255 बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते, देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना-मात्रा, वेलांटी, हलंत ही सगळी स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘श्री’ एवढ्यालाच बारा बाइट लागतात. म्हणजे 85 चिन्हांपलीकडचे नाव विंडोजवर सुखाने नांदते आणि पेटीवर उतरताना अडते. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. मॅकच्या जुन्या डिस्क-व्यवस्थेतून आलेले नाव आणि विंडोजवर टंकलेले नाव डोळ्यांना एकच दिसते, पण नक्कल करणाऱ्या आज्ञेला ती दोन वेगळी नावे वाटतात आणि एकाच फायलीच्या दोन प्रती तयार होतात. फायलींना मराठीत नावे द्यायचे सोडावे, असा सल्ला काही जण यावर देतात. तो मला मुळीच मान्य नाही. आपल्या ग्रंथालयातल्या फोल्डरला आपल्या भाषेत नाव देता येऊ नये, हा कोणता न्याय? नावे मराठीतच ठेवावीत, फक्त आटोपशीर ठेवावीत: वर्ष आणि अंक फोल्डरला, लेखक आणि एखादा शब्द फायलीला. वर्षाचा फोल्डर वर असला की प्रत्येक फायलीच्या नावात वर्ष, त्रैमासिकाचे नाव, संस्थेचे नाव कोंबावे लागत नाही. फोल्डररचना शाबूत ठेवण्याचा हा आणखी एक रोकडा फायदा आहे.

राहता राहिला मनुष्यबळाचा मुद्दा: छोट्या संस्थेत हे जाणणारा माणूस नसतो. खरे आहे. पण हे काम रोजच्या रोज जाणकाराने करायचे नाहीच; एकदा बसवून द्यायचे आहे. काय वगळले त्याची यादी, प्रत कुठे जाते आणि कोणत्या वेळी, हे एका मराठी कागदावर लिहून कार्यवाहांच्या दप्तरात ठेवता येते. म्हणजे बसवून देणारा विद्यार्थी नोकरीला गावाबाहेर गेला तरी व्यवस्था त्याच्याबरोबर जात नाही. वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये जुने हिशेब मिटले की, ती सोडवून ठेवलेली डिस्क वेगळ्याच संगणकाला जोडावी, पाच वर्षांपूर्वीचा एक अंक आणि एका फर्मची खतावणी उघडून पाहावी. अंकातली चित्रे जागेवर दिसली आणि खतावणीवर योग्य फर्मचे नाव आले तर बॅकअप आहे. दिसली नाहीत तर तो नाही, आणि हे कळायला एप्रिलचा निवांत दिवस आगीनंतरच्या दिवसापेक्षा बरा.